लाल दाढी आणि तीनशे सोळा

पठाणपुरा गेटजवळ कोणत्याही ऑटोवाल्याला "लाल दाढीवाल्यांकडे" एवढं सांगितलं की तो पुढे काही विचारत नसे. हाफिजभाऊंच्या दुकानाला पाटी होती. पण ती पत्र्याची होती, कोळशाच्या धुळीने काळी झालेली, आणि खालच्या दोन्ही कोपऱ्यांत गंजलेली. ज्या माणसाने आरमोरीपासून हेमलकशापर्यंत लोकांच्या जिन्यांना आणि गॅलऱ्यांना चकचकीत स्टीलचे कठडे लावून दिले, त्याची स्वतःची पाटी गंजकी. याबद्दल कोणी टोकलं तर भाऊ दाढीवरून हात फिरवून म्हणत, "पाटी हे हाये ना."

दाढी खरंच बघण्यासारखी होती. दर गुरुवारी दुपारी त्यांची बायको रहमतबी मेंदी लावून द्यायची, आणि शुक्रवारी भाऊ तेजस्वी नारिंगी होऊन मशिदीत जायचे.

मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहते. माझं गाव आरमोरीकडचं, घरी धानाची शेती. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून इथल्या एका कारखान्यात आलेला माल तपासायच्या खात्यात लागले. म्हणून भाऊ मला इंजिनेरबाई म्हणतात. या शब्दात मान किती आणि चेष्टा किती, हे त्या दिवशीच्या हवेवर अवलंबून असतं.

माल तपासायची भाऊंची स्वतःची पद्धत होती, आणि ती दोन पायऱ्यांची होती. पहिली पायरी लोहचुंबक. एका जुन्या लाउडस्पीकरमधून काढलेला गोल चुंबक काळ्या दोऱ्यात ओवून ते कुडत्याच्या खिशात ठेवत. स्टीलला टेकवायचा, चिकटला तर माल भेसळीचा, नाही चिकटला तर अस्सल. हा चुंबक त्यांनी इतक्या ठिकाणी टेकवला होता की लोक त्यांना लग्नाचं बोलावणं देताना जरा विचार करत. मुलीच्या, सायमाच्या, लग्नात वरपक्षाने आणलेल्या भांड्यांनाही त्यांनी तो हळूच टेकवून पाहिला होता. भांडी पास झाली म्हणून सोयरीक टिकली, असं लटारू सांगतो.

लटारू म्हणजे दुकानातला जुना कारागीर. धानाची रोवणी आणि कापणी सोडली तर बाकी वर्षभर तो भाऊंकडेच घासकाम करतो. दोघांचं वय साठीच्या आसपास, आणि एकमेकांना सोडून त्यांना दुसऱ्या कोणाला टोमणे मारण्यात फारशी गोडी नाही.

दुसरी पायरी लोणच्याची. नव्या पाइपांची खेप आली की भाऊ त्यातला दोन बोटांचा तुकडा कापून रहमतबीच्या लिंबाच्या लोणच्यात बुडवून ठेवायचे. मिठाने आणि लिंबाने जे स्टील डागलं नाही, ते दुनियेत कशानेच डागायचं नाही, हा त्यांचा सिद्धांत. रहमतबी म्हणायची की लोक लोणच्यात मिरच्या घालतात, आमच्याकडे पाइप घालतात. एकदा एका पाहुण्याच्या ताटात फोडीबरोबर तुकडा गेला. पाहुणे दाताला हात लावून बसले होते आणि भाऊ तुकडा उजेडात धरून बघत होते. डाग नव्हता. खेप पास.

सायमाचा नवरा वाजिद मूळचा रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावरचा. इथल्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला आला होता तेव्हा सोयरीक जुळली. नंतर दोघं त्याच्या गावी राहायला गेले. वाजिदच्या वडिलांना सगळे मुकादम म्हणतात. त्यांच्या मच्छीमारी बोटी आहेत आणि घर समुद्रापासून पन्नास पावलांवर. गेल्याच्या गेल्या वर्षी त्यांनी माडी चढवली, तेव्हा गॅलरीचा कठडा आपणच करून देणार असा भाऊंनी हट्ट धरला. चुंबक झाला, लोणचं झालं, आणि कठडा ट्रकमधून कोकणात गेला. मागोमाग भाऊ आणि लटारू जाऊन बसवून आले.

त्या वेळी मुकादमांनी कठड्यावर टिचकी मारून सांगितलं होतं की इथला दर्या दाराच्या बिजागऱ्यासुद्धा सोडत नाही. भाऊंना हे लागलं. जमलेल्या सगळ्या पाहुण्यांसमोर ते म्हणाले, "समधीसाहेब, याले गंज चढला, तर या दाढीले मेंदी लागणार नाई."

पावसाळा सरता सरता सायमाचा फोटो आला. पाइपांवर चहा सांडून वाळावा तसे डाग. जोडांच्या आसपास जास्त. फोटोखाली मुकादमांनी सांगितलेलं वाक्य तिने जसंच्या तसं लिहिलं होतं: "हाफिजभाई, तुमची दाढी आमच्या कठड्याला उतरली."

त्या गुरुवारी रहमतबीने मेंदी काढली आणि भाऊंनी ती परत ठेवायला लावली.

मुकादमांनी भरपाई वगैरे काही मागितली नाही. त्यांनी त्याहून वाईट केलं. दिलासा दिला. म्हणाले, एवढं काय मनावर घ्यायचं, वरून ऑइलपेंटचा हात मारू. स्टीलला ऑइलपेंट. भाऊ दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग त्यांनी व्याह्यांना फोन करून सांगितलं की पुढच्या पावसाळ्याआधी नवा कठडा लावून देतो, आणि तो एक पूर्ण पावसाळा बिनडागाचा निघाला तरच दाढीला मेंदी. नाही निघाला तर कायमची पांढरी. शिवाय त्या घरात रोज कठड्याला हात लावून समुद्र बघणारी आपली मुलगी आहे, आणि तिला रोज कोणीतरी हसून काहीतरी बोलत असणार, हेही होतंच. ते त्यांनी फोनवर सांगितलं नाही.

दाढी मुळाकडून पांढरी होत गेली. लटारू म्हणाला, "भाऊ, खाली रेड ऑक्साईडचा प्राइमर अन् वर पांढरा हात. काम अर्धवट सोडल्यावानी दिसून राह्यलं."

थंडीत भाऊ एकटेच कोकणात जाऊन आले. दोन दिवस ते फक्त कठडा बघत बसले. छपराबाहेर गेलेलं टोक, जिथे पाऊस थेट पडतो, तिथे डाग जवळजवळ नव्हते. छपराखाली, जिथे पावसाचा थेंब पोचत नाही, तिथे सगळी दाढी उतरली होती. त्यांनी पाइपवरून बोट फिरवलं आणि चाटून पाहिलं. खारट. मग खात्री करायला थेट पाइपच चाटला. मुकादम चहा घेऊन आले होते, ते तसेच मागे फिरले.

परत आल्यावर भाऊ माझ्याकडे आले, आणि पहिल्यांदाच इंजिनेरबाई या शब्दात नुसता मान होता. मी उत्साहाने वही काढली. सांगितलं की आपण इथे वापरतो ते स्टील तीनशे चार नंबरचं. त्यात क्रोमियम आहे, निकेल आहे, आपल्या गावाला तेवढं पुरतं. पण समुद्रावरच्या मिठाला टिकायला तीनशे सोळा नंबर घ्यावा लागतो. त्यात मॉलिब्डेनम नावाचा आणखी एक धातू असतो, शंभरात जेमतेम दोन भाग.

भाऊंनी थोडा विचार केला. "म्हणजे बिर्याणी तेच. फक्त शहाजिरं जास्त."

मी हो म्हटलं. त्यांनी विचारलं, हा फरक चुंबकाला कळतो का. मी सांगितलं, नाही कळत. दोन्हींना तो सारखाच चिकटत नाही.  त्या संध्याकाळी चुंबक खिशातून निघून भिंतीवरच्या खिळ्याला टांगला गेला, आणि बरेच दिवस तिथेच राहिला.

राहता राहिलं लोणचं. त्याने का फसवलं, हे त्यांना समजून घ्यायचंच होतं. मी म्हटलं, बरणीत तुकडा कायम खारात बुडालेला असतो, वर घट्ट झाकण. समुद्राकाठी तसं नसतं. खारं पाणी उडतं, उन्हाने वाळतं, मीठ मागे राहतं. पुन्हा उडतं, पुन्हा वाळतं. थर साचत जातो आणि मीठ घट्ट होत जातं. ते डाग पाडतं.

"वाळवायचंच हाये ना?" भाऊ म्हणाले. "मंग इंजिनेरबाई, त्यासाठी कोकणात काऊन जायचं?"

अशा रीतीने मार्चच्या पहिल्या आठवड्यात पठाणपुऱ्यात समुद्र आला. दुकानामागच्या अंगणात तार बांधली. तिच्या एका टोकाला तीनशे चारची पट्टी, दुसऱ्या टोकाला तीनशे सोळाची. सोळा नंबरची पट्टी मी नागपूरहून मागवली आणि कामावरून रसायनाची एक छोटी बाटली आणून दाखवली. तिच्यातला थेंब पट्टीवर टाकून बॅटरीची तार टेकवली की मॉलिब्डेनम असेल तर थेंब लालसर तपकिरी होतो. झाला. भाऊ वाकून बघत राहिले, आणि म्हणाले की हा रंग आपल्या ओळखीचा आहे.

लटारूने पट्ट्या घासून स्वच्छ केल्या आणि गावाहून कपाशीवर फवारायचा जुना हातपंप आणला. बादलीत जाडं मीठ कालवायचं आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ फवारायचं. आपल्याकडच्या उन्हात पट्टी दोन मिनिटांत वाळून पांढरी पडे. शेजारपाजारचे विचारायला येत की हे काय पीक आहे, आणि लटारू गंभीरपणे सांगे, "खारं स्टील पेरलं हाये. पाऊस नाई लागला तं बरं."

पाच आठवडे झाले. भाऊंनी दोन्ही पट्ट्या उतरवून दुकानात टेबलावर ठेवल्या आणि मला हाक मारली.

तीनशे चारची पट्टी आरशासारखी होती. तीनशे सोळाच्या पट्टीवर तपकिरी ठिपके होते.

मी पट्ट्या उलटसुलट केल्या. अदलाबदल झाली असेल म्हणून पुन्हा थेंब टाकून पाहिला. अदलाबदल नव्हती. भाऊ शांतपणे म्हणाले, "तुमचं पुस्तक कोणत्या गावचं होय, इंजिनेरबाई?"

 त्यांचा निर्णय झाला होता. तीनशे चारचाच पाइप घ्यायचा, फक्त जाड घ्यायचा. मे महिन्याअखेर कठडा बसायला हवा, वेळ कमी, उद्यापासून पाइप कापायचे. लटारूने मापाची पट्टी काढलीसुद्धा. मी माडीवर जाऊन वही पुन्हा वाचली. वही तेच म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी सुटी होती. पहिला पाइप वाइसमध्ये आवळला होता, तेवढ्यात रहमतबी दुकानात आली. तिची तक्रार बकरीबद्दल होती. चांदनी नावाची तिची पांढरी बकरी मागच्या अंगणात मोकळीच असते. रहमतबी म्हणाली की ही महिनाभर बादल्यांवर बादल्या पाणी पिते आहे, डॉक्टरला दाखवायला हवं.

भाऊंनी हातातली करवत खाली ठेवली. आधी रहमतबीकडे पाहिलं, मग तारेकडे. पट्ट्या पुन्हा आपापल्या जागी टांगल्या आणि लटारूला फवारायला सांगितलं. मग आम्ही तिघं दाराआड उभे राहिलो.

लटारू आत येतो न येतो, तोच चांदनी गोठ्याच्या सावलीतून निघाली. गोठ्याकडच्या टोकाला असलेल्या तीनशे चारच्या पट्टीखाली आली, मागच्या दोन पायांवर उभी राहिली, आणि पट्टी कुल्फीसारखी वरपासून खालपर्यंत चाटून काढली. मग मान वळवून मागची बाजू. एक कण सोडला नाही. शेवटी बादलीपाशी जाऊन गटागटा पाणी प्यायली. दुसऱ्या टोकाची पट्टी दुकानाच्या ओट्याच्या वर टांगलेली, तिच्या आवाक्याबाहेर होती. तिथपर्यंत तिची ही परीक्षा पोचलीच नव्हती.

 भाऊ म्हणाले, "पाऊस पडते तिथी डाग नाई. बकरी चाटते तिथी डाग नाई." आणि जरा थांबून, "मी तिथी एकच बार चाटला. रोज चाटाले पाह्यजे होता."

रहमतबीने हे कोकणात कोणापुढे बोलू नका असं बजावलं.

पण सोळा नंबरवरचे ठिपके उरलेच होते. बकरीने चार नंबरला वाचवलं हे कळलं, सोळा नंबरला कोणी बुडवलं हे कळलं नव्हतं. भाऊंनी घड्याळजीकडून भिंग आणलं आणि पट्टी उन्हात धरली. ठिपके वाटेल तसे विखुरलेले नव्हते. ओळीने होते, एकमेकांना समांतर, जसे झाडूचे फराटे. भाऊंनी भिंग बाजूला केलं आणि लटारूकडे पाहिलं. लटारूने तारेचा ब्रश पाठीमागे धरला होता.

हा ब्रश दुकानात सगळ्यांचा लाडका. लोखंडाच्या तारांचा. सकाळी लोखंडी ग्रिल घासायचा, दुपारी त्याच ब्रशने स्टील. ग्रिलचं बारीक लोखंड स्टीलच्या अंगाला लागून राहतं आणि नंतर तेच गंजतं. स्टील बिचारं खाली शाबूत असतं. कठड्याच्या जोडांजवळ डाग जास्त का होते, तेही आता कळलं. वेल्डिंगचा जळका भाग लटारू याच ब्रशने घासतो.

"इतके वर्षं कोणी बोललं नाई," लटारू म्हणाला.

"इतके वर्षं आपण समुद्रात माल कुठी धाडला?" भाऊ म्हणाले.

मग सगळं पुन्हा केलं. वाइसमधला पाइप सोडवला. स्टीलच्या तारांचा नवा ब्रश आला आणि त्याच्या मुठीला लटारूने लाल दोरा बांधला, म्हणजे तो लोखंडाला लागायचा नाही. दोन नव्या पट्ट्या टांगल्या. चांदनीला पलीकडे बांधलं. तिने पहिले दोन दिवस फार ओरडून निषेध केला. तीन आठवड्यांत तीनशे चारवर चहा सांडल्यासारखे डाग उमटले. तीनशे सोळाची पट्टी तशीच राहिली. भाऊंनी मला दुकानात बोलावून खुर्ची दिली आणि रहमतबीला सांगून सरबत दिलं. पुस्तकाचं गाव त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मे महिन्याच्या शेवटी नवा कठडा बसला. तीनशे सोळाचा, अंगावर चेहरा दिसेल इतका घासून गुळगुळीत केलेला, कारण खरखरीत अंगावर मीठ जास्त धरतं. निघताना भाऊंनी मुकादमांना एक अट घातली. दर शुक्रवारी गोड्या पाण्याने धुवायचा आणि फडक्याने पुसायचा, छपराखालचा भाग आधी. मुकादमांनी विचारलं, एवढं भारी स्टील, मग पुसायचं कशाला. भाऊ म्हणाले, "तुमच्याकडं बकरी नाई ना." मग गोष्ट सांगावी लागली. रहमतबीने बजावलेलं सगळं वाया गेलं. मुकादम इतके हसले की त्यांना कठड्याला धरून उभं राहावं लागलं, आणि कठडा हलला नाही.

मग पावसाळा लागला. इकडे भाऊंची दाढी पुरती पांढरी झाली. नवीन गिऱ्हाईक ऑटोतून लाल दाढीवाल्याला शोधत दुकानासमोरून दोनदा जायचं आणि भाऊ हात हलवत राहायचे. एकदा तर एकाने त्यांनाच विचारलं की लाल दाढीवाले कुठे बसतात. भाऊंनी सांगितलं, परगावी गेलेत, पावसाळा संपला की येतील.

ऑक्टोबरच्या एका गुरुवारी सकाळी व्हिडिओ कॉल झाला. एका बाजूला सायमा फोन धरून, मुकादम आणि वाजिद तिच्या मागे; दुसऱ्या बाजूला आम्ही चौघं. भाऊंनी सायमाला फोन पाइपच्या अगदी जवळ न्यायला लावला आणि वीतवीतभर सरकवत सगळा कठडा बघितला. बाहेरचं टोक साफ. मधले दांडे साफ. जोड साफ, लटारूने घसा खाकरला. मग छपराखालचा कोपरा आला आणि भाऊ म्हणाले, "थांब, बेटा."

कोपऱ्यात, आडव्या पाइपवर, बोटाएवढा तपकिरी डाग होता.

फोन हलेनासा झाला. मी मनात ग्रेड, जोड, पॉलिश, सगळं मोजून पाहिलं. भाऊ पांढऱ्या दाढीवर हात ठेवून नुसते बघत होते. मुकादम पुढे आले. त्यांनी डागावर नख घासलं. वास घेतला. मग, ज्यांनी एकदा व्याह्याला पाइप चाटताना बघून चहा परत नेला होता, त्यांनी वाकून तो डाग चाटला.

"बांगड्याचं कालवण आहे," ते म्हणाले. मागे वाजिदने मान खाली घातली. सकाळी तो गॅलरीत न्याहारी करत होता. सायमाने ओढणीच्या टोकाने पाइप पुसला. खाली चकचकीत.

मुकादमांनी फोन आपल्या हातात घेतला. "हाफिजभाई," ते म्हणाले, "दाढी रंगवा."

भाऊंनी सलाम केला आणि फोन ठेवला. मग रहमतबीला विचारायला वळले, तर ती तिथे नव्हती. ती आतून लोखंडी कढई घेऊन येत होती. मेंदी तिने आदल्या रात्रीपासूनच चहाच्या पाण्यात भिजवून ठेवली होती. डाग गंजाचा निघाला असता तर काय केलं असतं, असं मी विचारलं. ती म्हणाली, हातापायाला लावली असती, वाया थोडीच जाते.

लटारू कढईत डोकावला. घरात एवढी स्टीलची भांडी, मग मेंदी या काळ्या कढईत काऊन, असं त्याने विचारलं.

"लोखंडातच खुलते," रहमतबी म्हणाली. "स्टीलमध्ये रंग चढत नाई."

तोवर भाऊंची दाढी निम्मी माखून झाली होती आणि त्यांना बोलायची मनाई होती. त्यांनी हात लांब करून भिंतीवरच्या खिळ्याचा चुंबक काढला आणि कढईच्या कडेला टेकवला. तो टक्कन चिकटला. भाऊंनी हनुवटी न हलवता समाधानाने डोळे मिटले.